मॉडेलवर अल्कोहोल इंक: कोणत्या रंगावर, कोणत्या क्रमाने आणि किती थांबून

अल्कोहोल इंक वापरून पाहिलेल्या मॉडेलवाल्यांची तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते. "पहिला हात झकास बसला, दुसरा मारला आणि खालचं सगळं उचलून आलं." मग दोष इंकच्या बाटलीला, ब्रशला किंवा पावसाळी हवेला जातो. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा चूक असते ती थरांच्या क्रमात.

उदाहरणासाठी १/१२ प्रमाणातली मोटरसायकल घेतो, कारण इंकचे तिन्ही नेहमीचे उपयोग तिच्यावर सापडतात: तापून निळसर झालेला एक्झॉस्ट पाइप, कँडी लाल (चंदेरीवर पारदर्शक लाल चढवलेली) टाकी आणि इंडिकेटरच्या नारिंगी काचा. जेट विमानाचं नोझल किंवा कारचे मागचे दिवे करायचे असतील तरी पायऱ्या याच.

## आधी हे समजून घ्या: ही इंक वाळते, पण पक्की होत नाही

बाटलीत असतं काय? अल्कोहोल, त्यात विरघळलेला पारदर्शक रंग आणि तो पृष्ठभागाला धरून ठेवणारी थोडी रेझिन. अल्कोहोल उडून गेलं की बाकीचं मागे राहतं, एवढंच तिचं वाळणं. इनॅमल (टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा रंग) हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन कडक होतो, तसं इथे काही घडत नाही. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी लावलेल्या इंकवरही अल्कोहोलचा थेंब पडला, तर ती पुन्हा ओली होते.

दुसरी गोष्ट, ती पारदर्शक आहे. खालचा रंग जसा, तसाच तिचा रंग दिसणार. चंदेरीवर ती झळकते, पांढऱ्यावर स्वच्छ दिसते, काळ्यावर जवळजवळ नाहीशी होते. पांढरी आणि सोनेरी-चंदेरी इंक याला अपवाद. त्यांत न विरघळणारी पूड असते आणि ती तळाशी बसते, म्हणून बाटली दर वेळी हलवावी लागते.

## पायरी १: सामान, आणि कुठलं अल्कोहोल

इंक पातळ करायला आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, ९९ टक्क्यांचं घ्या. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही. उरलेलं ३० टक्के पाणी इंकला कडा पाडतं आणि वाळताना पांढरट झाक सोडतं.

करोनाच्या काळातला सॅनिटायझर घरोघरी पडून आहे आणि तो वापरायचा मोह होतो. आवरा. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, कधी सुगंध आणि जेलही. ग्लिसरीन उडत नाही, चिकट थर होऊन बसतं आणि त्यावर मग कुठलंच क्लिअर, म्हणजे वरून द्यायचं पारदर्शक वार्निश, धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही, तेही नको.

इंकच्या कंपन्या स्वतःचं ब्लेंडिंग सोल्युशनही विकतात. नुसतं आयपीए वापरलं की इंकमधली रेझिन फार पातळ होते आणि जागोजागी मंद ठिपके उरतात. ब्लेंडिंग सोल्युशनने चमक टिकते. पुसायला आयपीए आणि पातळ करायला शक्यतो ब्लेंडिंग सोल्युशन, अशी वाटणी मला सोयीची पडते.

याशिवाय सिंथेटिक केसांचे ० आणि १ नंबरचे ब्रश, कानात घालायचे कापसाचे बड, टूथपिक, नायट्राइलचे हातमोजे आणि रंग कालवायला चिनीमातीची किंवा स्टीलची बशी लागेल. सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या केसांचा, चांगला ब्रश यात घालू नका. अल्कोहोल त्याचं तेल काढून घेतं आणि केस झाडूसारखे होतात.

सावधान: आयपीएची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. त्याच खोलीत समई, उदबत्ती, गॅस, सिगरेट काही नको. खिडकी उघडी हवी. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) वापरणार असाल तर सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या फिल्टरचा मास्क लावा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

## पायरी २: खालचा रंग ओळखा

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

टामिया आणि मिस्टर हॉबी या कंपन्यांचे ॲक्रिलिक. टामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेतले, तसंच मिस्टर हॉबीचे ॲक्वियस रंग पाण्याने धुतले जातात, म्हणून लोक त्यांना 'वॉटर बेस' समजतात. पण त्यांना अल्कोहोल विरघळवतं. टामियाच्या एक्स-२०ए थिनरमध्येही ते असतंच. त्यांच्यावर थेट इंक लावली तर खालचा रंग मऊ होऊन ब्रशबरोबर निघतो. एक्स-२२ क्लिअरचा थर दिला तरी उपयोग नाही, तोही त्याच कुळातला.

व्हालेहोसारखे पाण्यातले ॲक्रिलिक. पूर्ण वाळल्यावर हलका स्पर्श सोसतात, घासलं की सुटतात. जुनं मॉडेल रंगमुक्त करायला लोक आयपीएच वापरतात, त्यावरून काय ते समजा.

इनॅमल. हम्ब्रॉलसारखे रंग नीट कडक झाले की अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत. अट एकच, किमान आठवडाभर थांबायचं.

लॅकर, म्हणजे जहाल थिनरमध्ये पातळ होणारे रंग. मिस्टर कलर, टामियाची एलपी मालिका, अल्क्लॅडचे धातुरंग. इंकच्या खाली हाच पाया सगळ्यात भरवशाचा.

गाडीच्या टच-अपचा स्प्रे कॅन. कॅनागणिक फरक पडतो. काही आयपीएला टिकतात, काही चिकट होतात. शिवाय त्यातला थिनर जहाल असल्याने प्लास्टिकवर आधी प्रायमर हवाच.

डब्यावर काहीही लिहिलेलं असो, परीक्षा स्वतः घ्या. किटच्या स्प्रूच्या (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर तोच प्रायमर, तोच रंग, तेवढेच हात मारा. (पूर्वी यासाठी प्लास्टिकचे चमचे वापरायचो. १ जुलै २०२२ पासून त्यांच्यावर देशभर बंदी आहे. स्प्रू तसाही फुकट मिळतो.) तीन दिवसांनी (इनॅमल असेल तर आठवड्याने) आयपीएत भिजवलेला बड त्यावर मध्यम दाबाने दहा वेळा फिरवा.

तपासणी: बड स्वच्छ निघाला आणि चमक तशीच राहिली तर पुढे जा. बडला रंग लागला किंवा तुकडा चिकट झाला, तर त्या रंगावर लॅकर क्लिअरचे दोन-तीन पातळ हात देऊन तीच चाचणी पुन्हा घ्या. पातळच हात द्यायचे, कारण ओला लॅकर थर ॲक्रिलिकला सुरकुत्या पाडू शकतो.

## पायरी ३: गुळगुळीत, चकचकीत पाया

मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. इंक त्या खळग्यांत शिरून बसते, पसरत नाही आणि पुसताही येत नाही. चकचकीत पृष्ठभागावर ती खेळते, हवी तिथे ढकलता येते, चुकली तर बडने उचलता येते.

एक्झॉस्ट पाइपसाठी आधी साच्याची शिवण ८०० आणि मग २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने पूर्ण घालवा. पारदर्शक इंकखाली शिवण लपत नाही, उठून दिसते. मग चकचकीत काळा लॅकर, २४ तास थांबून त्यावर धातुरंगाचे पातळ हात. स्टीलच्या पाइपला क्रोम छटा फार आरशासारखी होते. मी थोडी मंद, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमसारखी छटा घेतो.

इंक लावण्याआधी भाग हातमोजे घालूनच हाताळा. बोटाच्या तेलकट ठशावर इंक बसत नाही आणि निळ्या पट्ट्यात तुमचा अंगठा कायमचा उमटतो. नंतर हसू येतं, तेव्हा येत नाही.

## पायरी ४: मास्किंग इंकच्या आधी

इंक लागलेल्या भागावर मास्किंग टेप लावू नका. टेप काढताना इंक पापुद्र्यासारखी निघते. जे झाकायचं ते इंकच्या आधीच झाका.

इंक पाण्यापेक्षाही सहज फटीत शिरते आणि टेपच्या कडेखालून दोन मिलिमीटर आत जाते. त्यासाठी टेपची कड टूथपिकच्या बोथट टोकाने दाबून घ्या, मग कडेवर लॅकर क्लिअरचा एक पातळ हात द्या. क्लिअर फट बुजवतं आणि इंक बाहेर अडते.

## पायरी ५: एक्झॉस्ट पाइप

ब्रश उचलण्याआधी पाइपवर कुठला रंग कुठे येतो ते पक्कं करा. बरेच जण तो उलटा लावतात आणि जाणकाराला मॉडेल पाहताक्षणी काहीतरी खटकतं.

साधं स्टील तापवलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका गवती पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. त्यापुढे निळा फिका होत राखाडीकडे जातो. स्टेनलेस स्टीलला हेच रंग बऱ्याच जास्त तापमानाला येतात, पण क्रम तोच. म्हणजे सगळ्यात तापलेल्या भागावर, इंजिनच्या तोंडाशी, निळा. तिथून मागे जाताना जांभळा, मग तपकिरी, मग पिवळा आणि शेवटी उघडा धातू.

लावताना मात्र सुरुवात पिवळ्यापासून:

१. एक थेंब पिवळी इंक, आठ-दहा थेंब ब्लेंडिंग सोल्युशन. इंजिनच्या तोंडापासून सुरू करून निळा-जांभळा जिथे संपणार त्याच्याही पुढे जाणारा रुंद पट्टा लावा. मागची कड कोरडी होण्याआधी ओलसर बडने पुसट करा.

२. पंधरा मिनिटं थांबा. इंक एका मिनिटात कोरडी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. आतलं अल्कोहोल गेलेलं नसतं.

३. तपकिरी, किंवा नारिंगीत तपकिरीचा थेंब. हा पट्टा पिवळ्यापेक्षा अरुंद, म्हणजे मागचा थोडा पिवळा उघडा राहील असा.

४. पुन्हा पंधरा मिनिटं. मग जांभळा, आणखी अरुंद.

५. शेवटी निळा, फक्त तोंडाशी आणि पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला.

प्रत्येक रंगाचा ब्रश एकदाच टेकवायचा, ओढायचा आणि उचलायचा. दुसऱ्यांदा त्याच जागी गेलात की नव्या थरातलं अल्कोहोल जुन्या थराला जागं करतं आणि दोन्ही मिसळून चिखल होतो. कमी वाटला तर वाळू द्या आणि आणखी पातळ मिश्रण त्यावरून एकदा न्या.

सावधान: निळा थेट पिवळ्यावर गेला तर हिरवा होतो. त्या जागी पाइपवर हिरवा पट्टा दिसत नाही. मध्ये जांभळ्याचा पट्टा निळ्यापेक्षा रुंद ठेवलात तर हे टळतं. पट्ट्यांच्या कडा रेघ मारल्यासारख्या सरळही नकोत. वळणाच्या बाहेरून थोड्या पुढे, आतून थोड्या मागे.

एअरब्रशने काम सोपं होतं. ०.२ किंवा ०.३ मिमीची सुई, दहा-बारा पीएसआय दाब, अगदी पातळ इंक. लांबून मारलीत तर थेंब वाटेतच वाळून खरखरीत पडतात, जवळून मारलीत तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पळतात. स्प्रूवर अंतर ठरवा, मग पाइपकडे वळा. काम झाल्याबरोबर एअरब्रशमधून आयपीए सोडा.

तपासणी: पाइप खिडकीच्या उजेडात धरून हळू फिरवा. एखादा पट्टा कागदाच्या पट्टीसारखा चिकटवलेला वाटला, तर ब्लेंडिंग सोल्युशनने जेमतेम ओलसर केलेला ब्रश त्याच्या कडेवरून एकदाच न्या.

## पायरी ६: कँडी टाकी

टाकीवर सुटी इंक मारू नका. मोठ्या सपाट पृष्ठभागावर ती कधीच एकसारखी बसत नाही. ती क्लिअरमध्ये मिसळून मारायची, म्हणजे रंग क्लिअरच्या थरात अडकून राहतो.

कशात मिसळते आणि कशात नाही, ते आधी पाहा. लॅकर क्लिअरमध्ये आणि एक्स-२२ मध्ये साधारणपणे नीट मिसळते. व्हालेहोसारख्या पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये घातली तर अल्कोहोलमुळे रंग फाटतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा, आणि रबरासारखे तंतू तयार होतात. असं मिश्रण एअरब्रशमध्ये गेलं तर तो पूर्ण खोलून साफ करावा लागतो. टर्पेंटाइनवाल्या इनॅमलमध्ये ती नीट मिसळत नाही.

प्रमाण: मारण्याजोग्या पातळ केलेल्या १० मिलि लॅकर क्लिअरला पाच ते दहा थेंब लाल. काचेच्या बाटलीत कालवून दहा मिनिटं ठेवा. कण किंवा तंतू दिसले तर ते क्लिअर बाद.

चंदेरीवर चार ते सहा पातळ हात मारा. प्रत्येक हाताला रंग गडद होतो, म्हणून सगळीकडे हातांची संख्या सारखी हवी. कडांवर आणि टाकीच्या खोबणीत नकळत दुप्पट रंग बसतो. पहिला हात खोबणीपासून सुरू करा आणि नंतरच्या हातांत ती टाळा. मधे डबा रिकामा झाला तर तोच रंग पुन्हा कालवता येत नाही, म्हणून टाकी, साइड पॅनल आणि मडगार्डला पुरेल एवढं मिश्रण एकदमच करा. माझं एक मडगार्ड आजही टाकीपेक्षा अर्धी छटा फिकं आहे.

## पायरी ७: इंडिकेटर आणि दिवे

खरं सांगायचं तर साध्या नारिंगी-लाल काचांसाठी टामियाचे एक्स-२६ आणि एक्स-२७ हे तयार पारदर्शक रंग पुरेसे आहेत. इंक लागते ती वेगळी छटा हवी असेल तेव्हा.

काच स्प्रूवरून काढून, कुठेही ताण न देता, पोकळ बाजू वर करून ठेवा. टूथपिकने इंकमिश्रित एक्स-२२ चा थेंब आत सोडा, जास्तीचा टिश्यूच्या टोकाने टिपा, उताणी वाळू द्या. घट्ट बसवलेल्या, वाकवलेल्या पारदर्शक भागावर अल्कोहोल गेलं तर केसासारख्या चिरा पडू शकतात. रंग आधी, बसवणं नंतर.

यूव्ही रेझिनने दिवा ओतणार असाल तर टूथपिकच्या टोकाला लागेल एवढीच इंक. जास्त झाली तर रेझिन चिकट राहते.

## पायरी ८: सील करणं

इंक लावून २४ तास होऊ द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, ४८. अल्कोहोल झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि दुधी झाक येते. भाग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दिव्याखाली किंवा हेअर ड्रायरने घाई करू नका.

सीलर निवडताना प्रश्न एकच: यात अल्कोहोल किंवा जहाल थिनर आहे का?

एक्स-२२ सुट्या इंकवर ब्रशने कधीच नाही. लॅकर क्लिअर चालतं, पण धुक्यासारखं: २०-२५ सेंटिमीटरवरून तीन-चार कोरडे हात, प्रत्येकात पंधरा मिनिटं, मगच एक ओला हात. पहिलाच हात ओला दिलात तर पट्टे वाहतील. टर्पेंटाइनवालं इनॅमल क्लिअर या इंकला सहसा हलवत नाही, म्हणून ब्रशने काम करणाऱ्यांना तेच सोयीचं. काळाने थोडं पिवळं पडतं इतकंच. पाण्यातलं वार्निश निरुपद्रवी वाटतं, पण काहींमध्ये असलेली द्रावणं इंक ओढतात. तेही आधी फवाऱ्याने, मग ब्रशने.

सावधान: गाडीचं टू-के (हार्डनर मिसळून वापरायचं) क्लिअर सगळ्यात टिकाऊ, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. योग्य श्वसन उपकरण आणि हवा खेचणारी व्यवस्था नसेल तर घरात मारू नका.

तपासणी: सील केलेल्या स्प्रूवर आयपीएचा बड एकदा हलका फिरवा. रंग आला तर सील अपुरं आहे.

## पायरी ९: सीलनंतरची कामं

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं), वॉश (खाचांत उतरवायचा अगदी पातळ रंग), धूळ, गंज हे सगळं सीलच्या वर. वॉश इनॅमलचा किंवा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या ऑइल कलरचा.

सगळं नीट करून लोक दोन ठिकाणी शेवटी घसरतात. धुळीची पिगमेंट पूड बसवायला आयपीए सोडतात, आणि रंग उडाल्याचा परिणाम आणायला हेअर स्प्रे वापरतात. हेअर स्प्रेमध्येही अल्कोहोल असतं. सील जिथे पातळ असेल तिथून इंक वर येते. माझ्या एका टाकीवर पांढऱ्या पट्ट्याच्या डिकलखालून अशीच लाली उमटली आणि पट्टा गुलाबी झाला. पूड बसवायला मिनरल टर्पेंटाइन वापरा.

## बिघडलं तर

सील करण्याआधी: बड आयपीएत बुडवून पिळा, एका दिशेने पुसा, प्रत्येक पुसण्याला नवी बाजू. पाया लॅकरचा असेल तर धातुरंग शाबूत राहतो आणि तासाभराने पुन्हा सुरुवात करता येते.

सील केल्यानंतर: वरून दुरुस्तीचा नाद सोडा. लाल-गुलाबी इंकवर पांढरा रंग मारून झाकायला गेलात तर ती झिरपून वर येते. भाग पूर्ण साफ करून प्रायमरपासून सुरू करा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र नको, तो प्लास्टिकच खातो.

आणि मॉडेल खिडकीसमोर मांडू नका. यातले बहुतेक रंग उन्हाने विटतात, गुलाबी-जांभळे आधी. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून उभ्या, अंधारात ठेवा. घट्ट झालेल्या इंकमध्ये दोन-तीन थेंब ब्लेंडिंग सोल्युशन घातलं की ती परत कामाला येते.